बाराशे रुपयांची गोधडी

(तरुणांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी फोन केला तेव्हा विषय सांगितला होता, ‘नोकरी सांभाळून छोटा उद्योग’. मी लगेच हो म्हटलं. नंतर विचार करायला बसले तेव्हा लक्षात आलं, यशोगाथा सांगणारे लोक खूप आहेत आणि माझ्याकडे यशोगाथा नाही. माझ्याकडे एक चूक आहे. ती दीड वर्ष चालली. त्या दीड वर्षात मला सगळीकडून शाबासकी मिळत होती. ही चूक आहे हे मला एका अनोळखी बाईनं सांगितलं, तेही चारचौघांत. आज त्याबद्दल बोलते.

माझं वय चौतीस. मी सोलापूरची. इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागले. अम्मी अजून सोलापुरातच असते, जुन्या मोहल्ल्यात. २०२० साली टाळेबंदी लागली, ऑफिस घरी आलं आणि मी बरेच महिने सोलापूरला राहिले. दिवसभर कॉम्प्युटरसमोर, संध्याकाळी अम्मीजवळ. अम्मी गोधडी शिवायची. आमच्या घरात दखनी बोलतात, त्यात ती ‘गोदडी’. मी शेजारी बसून सुई ओवून द्यायला लागले, मग एखादी ओळ मारायला लागले. अम्मीनं माझ्या बोटात तिचं अंगुस्तान घातलं आणि म्हणाली, आता टोचलं तरी रडायचं नाही.

गोधडी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात असेल. तरी कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं यांचे थर एकावर एक अंथरायचे. वरून तुकडे जोडून केलेलं कापड, खालून अस्तर. सुरकुती राहू नये म्हणून कच्चे टाके घालून सगळं बसवून घ्यायचं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी. एक ओळ संपली की बोटभर अंतर सोडून दुसरी. या ओळींनीच थर एकमेकांना धरून राहतात. ओळी दाट असतील तर गोधडी वीस वर्षं टिकते, विरळ असतील तर धुण्यात आतलं कापड गोळा होतं.

२०२३ मध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं माझ्या घरी अम्मीची गोधडी पाहिली आणि म्हणाली, मला एक हवी, किती घेशील? मी अम्मीला फोन लावला. अम्मी गप्प. मग म्हणाली, कापडाचे दे म्हणावं, बाकी काय घ्यायचं? मी म्हटलं, असं कसं. बाजारात सोलापुरी चादर मिळते तिची किंमत मला माहीत होती. आपल्या गावची चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली. म्हटलं, गोधडी जाड असते, हातची असते, म्हणून चादरीच्या दुपटीहून थोडं जास्त सांगू. बाराशे. मैत्रीण म्हणाली, अगं, एवढी स्वस्त? मला ते कौतुक वाटलं.

इथेच पहिली गफलत झाली. चादर यंत्रमागावर विणली जाते. तिच्या किमतीत मागाचा वेग असतो. ती किंमत मी हाताच्या कामाला मापपट्टी म्हणून लावली. रोज डेटाबरोबर काम करणाऱ्या बाईनं वेळ मोजलाच नाही.

एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं फोटो टाकला. दीड वर्षात चौदा गोधड्या गेल्या. अम्मीच्यानं सगळं होईना, म्हणून शेजारच्या खाला मदतीला आल्या. खाला आयुष्यभर विड्या वळत आल्यात. सोलापुरात हजारो बायकांचं घर विडीवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. पानं आणि तंबाखू घरी आणायचा, विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. खालांनी चौदापैकी सहा गोधड्यांच्या ओळी मारल्या. एका गोधडीमागे मी त्यांना साडेतीनशे रुपये द्यायचे. मला वाटायचं, मी शेजारणीला रोजगार दिला. एका कार्यक्रमात मी हे वाक्य बोललेसुद्धा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात हातकामाचं एक प्रदर्शन होतं. मी चार गोधड्या घेऊन टेबल लावलं. समोरच्या रांगेत बार्शीकडच्या एक मावशी होत्या. त्या आणि त्यांच्या गावातल्या चार बायका मिळून गोधड्या शिवतात आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. दुपारपर्यंत माझ्या तीन गोधड्या विकल्या गेल्या, त्यांची एकही नाही. मग त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या. गोधडी उलटी करून पाठ बघितली. गोधडी जाणणारं माणूस आधी पाठच बघतं. म्हणाल्या, टाका बरा आहे. मग किमतीची चिठ्ठी वाचली आणि विचारलं, ताई, तुम्ही आणखी काय करता? मी सांगितलं, नोकरी. कसली, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमचा पगार एक तारखेला येतो. माझी गिऱ्हाइकं सकाळपासून इथं येतात, तुमच्या टेबलाकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, ती बाराशेला देते, तुम्ही अडतीसशे कशाचे मागता? त्यांना मी काय सांगू? तिला पगार आहे, असं सांगू?”

आजूबाजूला लोक होते. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मी म्हटलं, “मावशी, बाजार मोकळा आहे. ज्याला जे परवडेल ते त्यानं लावावं.” आवाज मी शांत ठेवला होता, ऑफिसात ठेवते तसा. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी त्यांनी सामान बांधलं.

त्या रात्री मी एका मैत्रिणीला फोन करून तक्रार केली. म्हटलं, लोकांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. ती म्हणाली, हो ना. फोन ठेवल्यावरही मला झोप आली नाही. ‘मला परवडतं’ असं मी म्हणाले होते, पण मला नक्की काय परवडत होतं ते मी कधी मोजलंच नव्हतं.

पुढच्या गोधडीला मी मोबाइलचं घड्याळ लावलं. ते आकडे सांगते. जमल्यास लिहून घ्या, कारण गोधडीच्या जागी तुमचं कुठलंही काम ठेवलं तरी पद्धत तीच राहील.

गोधडी पाच फूट बाय सात फूट, एका माणसाची. बोटभर अंतर म्हणजे साधारण पाऊण इंच. पाच फुटांत ८० ओळी बसतात. एक ओळ सात फुटांची, म्हणजे ८० ओळींचे ५६० फूट, सुमारे १७० मीटर. हे सगळं अंतर सुई हातानं चालते. दोरा संपतो, गाठ मारायची, कापड सरळ करायचं, हे धरून एका ओळीला अर्धा तास. म्हणजे ओळींचेच ४० तास. साड्या धुणं, उसवणं, रंग जातो का ते बघणं, इस्त्री करणं यांचे ५. वरचे तुकडे मशीनवर जोडायला ५. थर अंथरून कच्चे टाके घालायला २. काठ दुमडून शिवायला ३. एकूण ५५ तास.

आता खर्च. वरचं कापड आणि अस्तर ३८० रुपये. दोरा १२०. बोहारणीकडून घेतलेल्या तीन जुन्या साड्या १५०. पिशवी आणि कुरिअर १५०. झाले ८००. बाराशेतून आठशे वजा केले की राहिले चारशे. चारशे भागिले पंचावन्न, म्हणजे तासाला सात रुपये सत्तावीस पैसे.

मी तो भागाकार तीनदा केला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तास धरले तर तासाला सदतीस. रस्त्याची माती उचलणाऱ्या बाईला सरकार जे देतं, त्याच्या पाचव्या हिश्शानंही मी माझ्या अम्मीचं काम विकत होते. आणि खाला? त्यांनी ४० तास ओळी मारल्या आणि मी साडेतीनशे दिले. तासाला पावणेनऊ रुपये. याला मी रोजगार म्हणत होते.

मी सोलापूरला गेले आणि खालांना विचारलं, तुम्ही मला बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, “बेटा, विडीची मजुरी हजारावर ठरलेली असते. कमी दिली तर आम्ही भांडतो. गोदडीची कुणी ठरवली आहे? तू दिलेस, मी घेतले.”

मला इथे थोडं थांबायचं आहे. विडीचं काम कष्टाचं, छातीला वाईट, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. तरी त्या कामाला एक दर आहे, तो वाढावा म्हणून बायका मोर्चे काढतात. गोधडीला दर नाही, कारण ती आपण घरकामात मोजतो. स्वयंपाक, धुणं, मुलं, त्यातच गोधडी. बाई रिकामी बसली होती म्हणून शिवली, असं आपण म्हणतो. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. मजुरी कधी द्यायची ते आपल्याला पाठ असतं. किती द्यायची याचा हिशेब मात्र स्वतःच करावा लागतो, आणि तो मी केला नव्हता.

मग किंमत नव्यानं बसवली. तासाला साठ रुपये धरले. साठच का? गोधडीचं काम दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त होत नाही, डोळे आणि मान साथ देत नाहीत. सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस, तासाला साठ, म्हणजे नऊ हजार. याच्या खाली गेलं तर ती मजुरी म्हणवत नाही. नऊ हजारसुद्धा फार आहेत असं मी म्हणत नाही, सुरुवात म्हणून एवढं धरलं.

५५ तासांचे ३३०० रुपये. कापड-कुरिअर ८००. झाले ४१००. त्यावर दहा टक्के, म्हणजे ४१०. ते कशाला? सुया मोडतात, मशीन बिघडतं, एखादी साडी रंग सोडते आणि पूर्ण गोधडी वाया जाते, एखादी विकलीच जात नाही. तो खर्च कुठून तरी यायला हवा, नाहीतर तो शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतून जातो. एकूण ४५१०. किंमत साडेचार हजार.

खालांना मी ओळीमागे तीस रुपये असा दर सांगितला. त्यांना तो एका क्षणात कळला, हजारी कळते तसा. यातही एक खाच आहे. ओळीमागे दर ठरवला की जिचा हात भरभर चालतो तिच्या वेगावर दर ठरवायचा मोह होतो. अम्मी एक ओळ वीस मिनिटांत मारते. तिच्या वेळेवर दर काढला असता तर खालांना पुन्हा कमी मिळाले असते. म्हणून मधल्या हाताची वेळ धरली. आणि पैसे गोधडीची घडी झाली त्या दिवशी द्यायचे, गिऱ्हाइकाचे यायची वाट बघायची नाही. उधारी सोसायची तर ती पगार असणारीनं सोसावी.

आधीच्या सहा गोधड्यांची बाकी काढली. ओळींचे चोवीसशे व्हायला हवे होते, दिले साडेतीनशे. एका गोधडीमागे २०५० राहिले. सहांचे १२,३००. मी ते नेऊन दिले. खालांनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

गिऱ्हाइकांचं काय झालं, हा तुमच्या मनातला प्रश्न. पहिले चार महिने मोठ्या गोधडीची एकच मागणी आली. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, तू बदललीस. अम्मी घाबरली होती. ती म्हणत होती, उतर जरा, रिकामं बसण्यापेक्षा बरं. एकदा मी जवळजवळ उतरलेही होते. तेव्हा एक गोष्ट सुचली. किंमत कमी करायची असेल तर काम कमी करता येतं, मजुरी तशीच ठेवता येते. ओळींमधलं अंतर दोन बोटं केलं की ओळी चाळीस होतात आणि वीस तास वाचतात. ३५ तासांचे २१००, सामानाचे ८००, दहा टक्के, म्हणजे ३२०० ला तीच गोधडी विरळ टाक्यांची. गिऱ्हाइकाला दोन्ही समोर ठेवायच्या आणि फरक सांगायचा, की ही कमी टिकेल, हलक्या हातानं धुवा. निवड त्याची.

तिसरा प्रकार बाळाच्या दुपट्याचा. तीन फूट बाय तीन फूट. ओळींना १० तास, बाकीचं ४, सामान २५० रुपयांचं. १४ तासांचे ८४०, सामान धरून १०९०, वर दहा टक्के. बेरीज करा. ११९९. म्हणजे बाराशे! मी सुरुवातीला सांगितलेली बाराशे ही किंमत अगदी बरोबर होती, फक्त ती दुपट्याची होती.

गेल्या वर्षभरात मोठ्या दाट गोधड्या तीन गेल्या, विरळ टाक्यांच्या पाच, आणि दुपटी सतरा. खालांचं घर यावर चालत नाही, विडी सुटलेली नाही. खोटं चित्र उभं करून मी इथून जाणार नाही. पण त्या जेवढे तास बसतात, त्या तासांची मजुरी त्यांना मिळते.

आता टीकेबद्दल. या काळात गोधडी शिवणाऱ्या इतर बायकांकडून मी भरपूर ऐकून घेतलं. सुरुवातीला सगळं एकच वाटायचं, सगळेच माझ्यावर उठलेत. मग ऑफिसातली एक सवय कामी आली. आमच्याकडे लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय पुढे जात नाही. तो खाली शेरे लिहितो. नवीन असताना प्रत्येक शेरा मनाला लागतो. दोन-तीन वर्षांनी कळतं की शेऱ्यांचे प्रकार असतात, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळं वागावं लागतं. गोधडीवरच्या शेऱ्यांचेही मी गट केले.

पहिला गट हाताच्या कामाचा. कुणी म्हणालं, पाठीवर गाठी दिसतात. कुणी म्हणालं, कोपरे गोल झालेत, काटकोनात बसत नाहीत. कुणी म्हणालं, लाल साडी तीन वेळा धुतल्याशिवाय घेऊ नका. हे कुणी कडू बोललं तरी ऐकायचं, कारण ते फुकटचं शिक्षण आहे. गाठ थरांच्या आत ओढून घ्यायची युक्ती मला अशाच एका टोमण्यातून मिळाली.

दुसरा गट खरेपणाचा. एक बाई म्हणाल्या, तुम्ही ‘हातची’ लिहिता आणि तुकडे मशीनवर जोडता, ही फसवणूक आहे. मी आधी वाद घातला. मग चिठ्ठीवर लिहायला लागले, ‘तुकडे मशीनवर जोडलेले, टाके हाताचे’. वाद संपला. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला सिद्दी पद्धतीची गोधडी हवी होती. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, आणि त्यांच्यात मुस्लीम, हिंदू, ख्रिश्चन असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या लावतात, त्याला ‘फूल’ म्हणतात. मी फोटो बघून तशी एक केली. एका शिवणारीनं विचारलं, ही कुणाची पद्धत आहे ते गिऱ्हाइकाला सांगितलंस का? मी सांगितलं नव्हतं. आता कुणी तशी मागितली तर मी सांगते, ती त्यांच्याकडूनच घ्या.

तिसरा गट भावनेचा. ‘गोधडी म्हणजे आईची माया, ती विकायची नसते.’ हे बोलणाऱ्यांत शिवणाऱ्याही होत्या. मला त्यांचं म्हणणं कळतं. अम्मीनं माझ्या भाच्यासाठी दुपटं शिवलं तेव्हा आम्ही कुणी घड्याळ लावलं नाही. पण परक्या घरात जाणाऱ्या गोधडीच्या पन्नास तासांना माया म्हटलं की ते फुकट मागायला बरं पडतं.

चौथा गट किमतीचा, आणि तो सगळ्यात अवघड. साडेचार हजार लावल्यावर एका मेळाव्यात एक वयस्कर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ही तर लूट आहे, आमच्याकडे एवढ्यात तीन होतात. या वेळी मी ‘बाजार मोकळा आहे’ म्हटलं नाही. विचारलं, तुम्ही कशा करता? त्यांनी सांगितलं, गिऱ्हाईक स्वतःच्या साड्या आणून देतं, त्या फक्त शिलाई घेतात, आणि ओळी चार बोटांच्या अंतरानं मारतात. म्हणजे सामान नाही, कुरिअर नाही, ओळी जेमतेम पाव. आमची वस्तूच वेगळी होती. आम्ही दोघींनी मिळून त्यांचे तास मोजले, तर त्यांना तासाला वीस रुपयेसुद्धा पडत नव्हते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, मोजायला नको होतं. त्यांनी दर वाढवला की नाही, मला माहीत नाही. त्यांना सांगायला मला जीभही उचलवली नाही, कारण दीड वर्ष सात रुपयांवर मीच होते.

किमतीवर कुणी बोट ठेवलं तर मी आता उत्तर देण्याआधी दोन गोष्टी बघते. माझा हिशेब कागदावर आहे का? नसेल तर मला उत्तर द्यायचा हक्क नाही. आणि माझ्या किमतीनं समोरच्या बाईचं काही जातं का? जात असेल तर तिचा आवाज चढलेला असला तरी आधी तिचं ऐकायचं. जिचं काहीच जात नाही, तिचं नंतर ऐकलं तरी चालतं.

बार्शीकडच्या मावशींचं माझ्या किमतीनं जात होतं. त्यांना आम्ही ‘चिडलेल्या’ म्हणालो. मैत्रिणीला मी जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंच आहे. खरं म्हणजे माझ्या प्रत्येक गोधडीत माझी कंपनी काही हजार रुपये घालत होती, माझ्या पगारातून. मी ते गिऱ्हाइकाला सूट म्हणून देत होते. आणि ज्या बाईच्या मागे कंपनी नाही, तिनं त्या सुटीशी स्पर्धा करावी, अशी माझी अपेक्षा होती. मोकळा बाजार हा नव्हे. तुमच्यापैकी कुणी नोकरी करून मेहंदी काढत असेल, केक करत असेल, शिकवण्या घेत असेल, लग्नाचे व्हिडिओ बनवत असेल. हौस जरूर करा. पण विकायला बसलात की त्या गल्लीत त्याच कामावर जेवणारं कोण आहे, ते एकदा बघा. घरच्यांना, मैत्रिणीला फुकट द्या, भेट द्या, ते तुमचं प्रेम. बाजारात मात्र त्यांचा भाव पाडू नका.

मी मावशींचा नंबर मिळवला आणि फोन केला. माफी मागितली, हिशेब सांगितला, नवी किंमत सांगितली. मला वाटलं होतं, त्या विरघळतील. त्या नाही विरघळल्या. म्हणाल्या, “त्या दिवशी माझं दोन हजारांचं टेबलभाडं बुडालं, ते काय फोननं येत नाही.” खरं होतं. मग थोडं थांबून म्हणाल्या, “माझ्यापेक्षा महाग विका, काही म्हणणार नाही. स्वस्त विकू नका.” पुढच्या प्रदर्शनात आम्ही एक टेबल दोघींत घेतलं. भाडं निम्मं झालं. माझ्याकडे पूर्ण वेळ दुपटीच होती, मोठ्या गोधड्यांचं गिऱ्हाईक मी त्यांच्याकडे वळवलं. त्यांच्या दोन गेल्या. त्या अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. पण दुपारी डबा उघडला तेव्हा शेंगाचटणी माझ्याकडे सरकवली.

शेवटी अम्मीचं सांगते. पूर्वी कुणी किंमत विचारली की ती फोन माझ्या हातात द्यायची. किंवा आवाज खाली आणून सांगायची, चूक कबूल करावी तसं. मागच्या महिन्यात मी घरी होते. कुणाचा तरी फोन आला. अम्मी ओटीवर बसून ओळ मारत होती. तिनं सुई कापडात खोचली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, साडेचार हजार. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. अम्मी म्हणाली, “ऐंशी ओळी आहेत. या आणि मोजा.”